दादींची पेटी

मुलांनो, आमच्या घरी एक लाकडी पेटी आहे. साडेचार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच. तिच्यात कपडे नाहीत, भांडी नाहीत, पुस्तकेही नाहीत. संध्याकाळी सात वाजले की तिच्यात दिवा लागतो आणि सकाळी सात वाजता तो मालवतो. घरी पहिल्यांदा आलेला पाहुणा हटकून विचारतो, "यात काय ठेवलंय?" मग मी पुढचा पडदा बाजूला करतो. आत झाडे असतात.

ही पेटी मी नववीत असताना केली. मी केली असे म्हणतो खरा. पण फळ्या दादींच्या पलंगाच्या, रंधा सुतारचाचांचा, विजेचे काम आमच्या इमारतीतल्या वायरमनचे, आणि सगळ्यांत मोठी युक्ती दादींची. माझ्या वाट्याला एक मोठी चूक तेवढी आली. तीही सांगणार आहे, कारण ती गाळली तर गोष्ट अर्धी राहील.

आमचे जुने घर पनवेलमध्ये खाडीच्या बाजूला होते. कौलारू घर, पुढे लहानसे अंगण. अंगणात दादींची मेंदी, मोगरा, कढीपत्ता, फुटक्या बादलीत पुदिना. दादी पहाटे उठत आणि सगळ्यांत आधी झाडांना पाणी घालत. घरातल्या माणसांचा चहा नंतर. या सगळ्या झाडांत एक झाड वेगळे होते. ते अंगणात नसे. स्वयंपाकघराच्या उत्तरेकडच्या खिडकीत, सावलीत, एका छोट्या कुंडीत असे. माझ्या चाचांनी ते पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधल्या पुष्पप्रदर्शनातून आणले होते. त्याचे नाव आफ्रिकन व्हायोलेट.

तुम्ही हे झाड पाहिले आहे का? वीतभरसुद्धा उंच नसते. पाने गोलसर, जाड आणि मखमलीसारखी. त्यांवरून बोट फिरवले तर मांजराच्या कानाला हात लावल्यासारखे वाटते. मधोमध जांभळी फुले येतात आणि प्रत्येक फुलात पिवळे दोन ठिपके. हे झाड मूळचे पूर्व आफ्रिकेतील टांझानिया देशाचे. तिथल्या उसांबारा नावाच्या डोंगरांत, दाट झाडीखाली, शेवाळलेल्या ओल्या खडकांच्या सांदीत ते वाढते. १८९२ मध्ये वॉल्टर फॉन सेंट पॉल नावाच्या जर्मन अधिकाऱ्याने त्याचे बी आपल्या वडिलांकडे जर्मनीला पाठवले. पुढच्याच वर्षी शास्त्रज्ञांनी त्या अधिकाऱ्याच्या नावावरून झाडाला 'सेंटपॉलिया' हे नाव दिले. तेथून ते जगभरच्या खिडक्यांत पोहोचले आणि एके दिवशी आमच्या दादींच्या खिडकीतही आले. दादींना टांझानिया कुठे आहे हे ठाऊक नव्हते. त्या त्याला 'मखमल' म्हणत.

२६ जुलै २००५ हा दिवस आमच्या भागातले कोणीही मोठे माणूस विसरलेले नाही. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढा पाऊस पुण्याला वर्षभरातही बहुधा पडत नाही. पनवेललाही आभाळ फाटले होते. गाढी नदी फुगली, खाडीला भरती होती, पाण्याला जायला वाट नव्हती. ते आमच्या घरात शिरले आणि पाहता पाहता कमरेइतके झाले. आम्ही शेजाऱ्यांच्या माडीवर रात्र काढली. सकाळी पाणी उतरल्यावर परत आलो, तेव्हा अंगणात फक्त चिखल होता. मेंदी आडवी झालेली, मोगरा नाहीसा, बादलीसुद्धा वाहून गेली होती. खिडकीतली कुंडी चुलीशेजारी पालथी पडली होती.

अम्मी गहू, तांदूळ, गाद्या यांचे काय झाले ते पाहत होती. अब्बा कागदपत्रे वाळत घालत होते. दादी मात्र चिखलात बसल्या, कुंडी सरळ केली आणि मखमलीची दोन पाने तेवढी शोधून काढली. दोन्ही पाने त्यांनी धुतली, देठाचा कुजका भाग तिरका कापला आणि औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत पाणी भरून त्यात देठ सोडले. चार दिवसांनी एक पान काळे पडून गळाले. दुसरे राहिले.

आता या झाडाची एक गंमत सांगतो. त्याचे नुसते पान पुरते. देठ पाण्यात किंवा ओल्या वाळूत ठेवला, की तीन-चार आठवड्यांत पांढरी मुळे फुटतात. पुढे दोन-तीन महिन्यांत देठाच्या टोकाशी उंदराच्या कानाएवढी पानांची पिल्ले येतात. एका पानापासून तीन, चार, कधी जास्तही. दादींच्या त्या एका पानाला डिसेंबरमध्ये चार पिल्ले झाली.

घर मात्र राहिले नाही. भिंतींना इतकी ओल धरली होती, की अब्बांनी ते सोडायचे ठरवले. २००६ च्या फेब्रुवारीत आम्ही पनवेलमध्येच एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला गेलो. पाणी आता येणार नव्हते. पण ऊनही येणार नव्हते. आमच्या खिडक्यांपासून सहा फुटांवर पुढच्या इमारतीची भिंत होती. भर दुपारी स्वयंपाकघरात दिवा लावावा लागे. दादी सवयीने पहाटे उठत, तांब्यात पाणी घेत आणि तांब्या हातात धरून स्वयंपाकघरात उभ्या राहत. घालायचे कशाला? थोड्या वेळाने त्या तांब्या परत ठेवून देत. मी हे दोन-तीनदा पाहिले. त्यांना काही विचारले नाही.

चार पिल्लांच्या चार कुंड्या झाल्या होत्या. पण पाने दिवसेंदिवस लांबट होऊ लागली. देठ वर ताणले जात होते, जणू झाडे टाचा उंचावून खिडकीबाहेर पाहत होती. मी विज्ञानाच्या सरांना दाखवले. सर म्हणाले, "हा अंधाराचा आजार आहे. आपल्या डोळ्यांना खोली उजेडाची वाटते, पण डोळा फसवतो. बाहेर भर उन्हात एक लाख लक्स उजेड असतो, तर घरात दोन-तीनशे. आपण तेवढ्यात वाचू शकतो, झाड तेवढ्यात जेवू शकत नाही."

'जेवू शकत नाही' हे शब्द माझ्या मनात घर करून बसले. मग सरांनीच मला वॉर्डच्या पेटीची गोष्ट सांगितली.

नॅथॅनियल वॉर्ड हा लंडनमधला एक डॉक्टर. त्याला फर्न नावाच्या वनस्पतीची फार आवड. पण तेव्हाच्या लंडनमध्ये कोळशाचा इतका धूर असे, की त्याची झाडे जगत ना. १८२९ मध्ये त्याने एका पतंगाचा कोश काचेच्या बाटलीत ओलसर मातीत ठेवला आणि वर झाकण लावले. कोशातून पतंग कसा निघतो ते त्याला पाहायचे होते. काही दिवसांनी त्या मातीत फर्न आणि गवत उगवलेले दिसले! दिवसा मातीतली ओल वाफ होऊन काचेला चिकटे आणि रात्री पुन्हा खाली उतरे. पाणी घालावे लागत नव्हते आणि धूर आत येत नव्हता. यावरून त्याने काचेच्या बंद पेट्या केल्या. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून रोपे जहाजाने थेट ऑस्ट्रेलियाला गेली आणि जिवंत पोहोचली. त्याआधी लांबच्या प्रवासात खारे वारे आणि गोड्या पाण्याची टंचाई यांमुळे बहुतेक रोपे मरत. पुढे चीनमधली चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आली ती अशाच पेट्यांतून. १८७६ मध्ये लंडनच्या क्यू बागेत रुजवलेली रबराची रोपे श्रीलंकेला गेली, तीही अशाच पेट्यांतून. आज आपण चहा पिताना त्या बाटलीतल्या पतंगाची आठवण कोण ठेवतो?

मी ठरवले, आपणही पेटी करायची.

पुरात भिजलेला दादींचा सागवानी पलंग अब्बांनी भंगारात काढला होता. त्याच्या फळ्या घेऊन मी सुतारचाचांकडे गेलो. पनवेल एके काळी बैलगाडीच्या चाकांसाठी नावाजलेले होते. सुतारचाचांच्या घराण्यात तेच काम चाले. चाचांनी स्वतः मात्र दारे-खिडक्याच केल्या. त्यांनी फळीवर बोटाने टकटक केले आणि म्हणाले, "पाणी पिऊनही ही मेली नाही. चांगला साग आहे." मी त्यांना मापे सांगितली. लांबी साडेचार फूट का, तर नळीचा दिवा चार फुटांचा असतो. त्यांनी रंधा मारला, सांधे बसवले. मी खिळे हातात देत होतो आणि तेवढ्यावरच मला आपण कारागीर झाल्यासारखे वाटत होते.

आतून पेटीला पांढरा रंग दिला. आरसा किंवा चंदेरी कागद लावावा असे मला वाटत होते, पण सर म्हणाले, पांढरा रंग उजेड सगळीकडे सारखा पसरवतो. रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत आठ दिवस पेटी रिकामी ठेवली. विजेचे काम मी केले नाही. मुलांनो, तुम्हीही करू नका. पाणी आणि वीज जवळजवळ असतात तिथे जाणत्या माणसाचाच हात हवा. वायरमनने तीन पिनांची जोडणी केली, अर्थिंग तपासले आणि नळीच्या दिव्याचा चोक पेटीच्या बाहेर, मागच्या बाजूला बसवला. त्या काळच्या दिव्यांचा चोक चांगला तापत असे. तो आत ठेवला असता, तर पेटीची भट्टी झाली असती.

अब्बांना काळजी होती ती वीजबिलाची. त्यांनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशेब मांडला. दिवा आणि चोक मिळून सुमारे ५० वॅट. रोज १२ तास म्हणजे ६०० वॅट-तास, म्हणजे ०.६ युनिट. महिन्याला १८ युनिट. अब्बा बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी बाहेरच्या खोलीतला दिवा बंद केला आणि म्हणाले, "इथून थोडे वाचवू."

एप्रिलमध्ये चार कुंड्या पेटीत गेल्या. दिवा वर टांगलेला, कुंड्या तळाला. दोन आठवडे झाले तरी पाने लांबटच. तेव्हा कळले, की दिव्यापासूनचे अंतरही महत्त्वाचे असते. अंतर दुप्पट झाले, की अशा लांब नळीचा उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. मी कुंड्यांखाली विटा रचल्या आणि पाने दिव्यापासून दहा-बारा इंचांवर आणली. मग नवी पाने आखूड देठाची, पसरट येऊ लागली. झाडे अशी बोलतात. उजेड कमी पडला तर हात वर करतात. फार झाला तर मधली पाने एकमेकांना घट्ट चिकटून बसतात.

मे महिन्यात नवे संकट आले. तेव्हा राज्यात विजेचा तुटवडा होता आणि भारनियमन चाले. आमच्याकडे बहुधा दिवसा तासन्‌तास वीज जाई. झाडांचे जेवण अर्धवट राही. शिवाय दुपारचा उकाडा आणि त्यात दिव्याची उष्णता. या झाडाला आपल्या माथेरानसारखी हवा आवडते. पारा तिशीच्या वर गेला की ते मलूल होते. मी पेटीसमोर कपाळाला हात लावून बसलो होतो.

दादी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारले, "रात्री तर वीज असते ना?"

"असते."

"मग यांचा दिवस रात्री करा."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. दुसऱ्या दिवशी सरांना विचारले. सर हसून म्हणाले, "दादींना माझा नमस्कार सांग. झाडाला बारा तास उजेड आणि नंतर अंधार हवा. घड्याळात किती वाजले हे त्याला कळत नाही." तेव्हापासून आमच्या पेटीत सूर्य संध्याकाळी सातला उगवतो. रात्री हवा थोडी थंड असते, त्यामुळे दिव्याची उष्णताही सोसते. दिवसा खोली अंधारी, ती आमची अडचण होती. आता तीच कामी आली. फक्त उजेडाने झोपमोड होऊ नये म्हणून पडदा हवा होता. दादींनी आपली जुनी दाट ओढणी दिली. पेटी त्यांच्याच खोलीत ठेवली. तशीही त्यांना रात्री झोप कमी. मी कधी पाणी प्यायला उठलो, तर ओढणीच्या कडेने उजेडाची बारीक रेघ दिसे आणि दादी उशीला टेकून तिकडे पाहत असत.

आता माझी चूक सांगतो.

पेटीची पुढची बाजू मी जाड पारदर्शक प्लॅस्टिकने बंद केली होती. चारही कडांना पट्ट्या ठोकल्या, फटीत कापूस भरला. वॉर्डची पेटी बंद होती ना! शिवाय प्रत्येक कुंडीच्या तळातून वात सोडून तिचे टोक पाण्याच्या भांड्यात ठेवले होते. वात पाणी वर ओढते आणि माती आपोआप ओली राहते. मे महिन्यात हे छान चालले. जून उजाडला, पाऊस सुरू झाला. प्लॅस्टिक आतून धुकटले. थेंब ओघळू लागले. मला वाटले, वा! अगदी वॉर्डसारखे.

दादी म्हणाल्या, "बेटा, हवा कोंडली की भाकरीलासुद्धा बुरशी धरते. थोडं उघडं ठेव."

मी म्हणालो, "दादी, तुम्हाला नाही कळायचं. हे विज्ञान आहे."

त्या गप्प झाल्या. ते वाक्य आज आठवले तरी माझे कान गरम होतात.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी दोन झाडांची मधली पाने तपकिरी दिसली. बोट लावले तर लगदा. त्यावर राखाडी रंगाची लव होती. मी पट्ट्या उखडल्या, प्लॅस्टिक ओढून काढले, तेव्हा आतून कोंदट वास आला. पुरानंतर आमच्या घराला येत होता अगदी तसा. दादी जवळ येऊन उभ्या राहिल्या. त्या रागावल्या नाहीत. "पाणी," त्या म्हणाल्या. "पुन्हा पाणी." एवढेच बोलून त्या आत गेल्या आणि सुरी घेऊन आल्या. कुजक्या झाडांच्या कडेची तीन पाने अजून घट्ट होती. ती त्यांनी कापून घेतली आणि पुन्हा ती औषधाची बाटली भरली.

मी सरांकडे गेलो. माझा चेहरा पाहून त्यांनी काय झाले ते विचारले आणि मग म्हणाले, "वॉर्डची गोष्ट मी तुला पुरी सांगितली नव्हती. त्या बाटलीतले फर्न आणि गवत जवळजवळ चार वर्षे जगले. मग वॉर्ड गावाला गेला असताना बाटलीचे झाकण गंजले, पावसाचे पाणी आत गेले आणि दोन्ही मेली."

म्हणजे वॉर्डलाही पाण्याने फसवले होते! लंडनमध्ये वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या पनवेलला चार महिन्यांत त्याच्या चौपट. तिकडच्या कोरड्या, धुराच्या खोलीत ओल कोंडून ठेवणे हे काम होते. इकडे ओल बाहेर घालवणे हे काम. मी पुस्तकातली पेटी केली होती, पनवेलची केली नव्हती.

पेटी पुन्हा सुतारचाचांकडे गेली. त्यांनी गिरमिटाने दोन्ही बाजूंच्या फळ्यांना खाली आणि मागच्या फळीला वर इंचभर रुंदीची भोके पाडली. दिव्याने तापलेली हवा वर जाते आणि मागच्या भोकांतून निघते. तिची जागा घ्यायला खालून नवी हवा येते. भंगारवाल्याकडून जुन्या संगणकातला पंखा आणला. वायरमनने तो १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर, दिव्याबरोबर चालू होईल असा जोडला. तळहाताएवढा पंखा, पण पानांची लव हलताना दिसे. प्लॅस्टिक गेले, त्या जागी दादींची ओढणी तेवढी राहिली. जून ते सप्टेंबर वाती काढून ठेवायच्या आणि माती वरून सुकली की मगच बशीत थोडे पाणी ओतायचे, असे ठरले. पाणी नेहमी घरातल्या हवेइतकेच कोमट. थंडगार पाणी पडले तर या पानांवर फिकट डाग उठतात. वातींचेही दादींनी बदलले. त्यांनी आधी रजईच्या कापसाची वात वळली होती, ती मातीत कुजली. मग नायलॉनची दोरी उकलून तिच्या धाग्यांची वात केली. ती वर्षानुवर्षे टिकते.

माती मात्र कुंडीत बाजारातली भरू नका. आपली काळी किंवा तांबडी माती या बारीक मुळांना फार जड होते. आम्ही नारळाच्या काथ्याचा भुसा, थोडी जाड वाळू आणि मूठभर गांडूळखत वापरतो. हाताने दाबून सोडले की फुगले पाहिजे, एवढीच परीक्षा.

ऑक्टोबरचा उकाडा दोन झाडांनी कसाबसा काढला. डिसेंबरात थंडी पडली. एका रात्री दादींनी मला हाक मारली. मी घाबरून धावलो. त्यांनी ओढणी बाजूला केली आणि बोटाने दाखवले. पानांच्या मधोमध, मोहरीच्या दाण्याएवढ्या पाच कळ्या मान खाली घालून उभ्या होत्या. पहिले फूल उमलायला आणखी पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत दादींनी किती वेळा ओढणी सरकवली, हे मी मोजले नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या पहाटे पुन्हा तांब्या घेऊन उठू लागल्या. कुंड्यांना एवढे पाणी लागतच नाही हे त्यांना ठाऊक होते. त्या तांब्या पेटीजवळ ठेवत, आणि मग चहा टाकत.

पुढे पेटीत इतर मंडळीही आली. पेरू देशातली फिटोनिया, जिच्या पानांवर पांढऱ्या शिरांची जाळी असते. ठिपक्यांचा बिगोनिया. एका मित्राने बंगळूरहून किडे खाणारे व्हीनस फ्लायट्रॅप आणले. ते अमेरिकेच्या कॅरोलिना भागातले. त्याला नळाचे पाणी चालत नाही, पावसाचे चालते. ते आम्ही पिंपात साठवले. पण त्याला हिवाळ्यात तीन-चार महिने खरीखुरी थंडी आणि विश्रांती लागते. ती पनवेल कुठून देणार? दुसऱ्या उन्हाळ्यात ते गेले. त्याचे मला फारसे वाईट वाटले नाही. त्याच्याच नात्यातले दवबिंदू नावाचे किडे खाणारे इवलेसे रोप पावसाळ्यात आपल्या सह्याद्रीच्या पठारांवर आपोआप उगवते. तिथेच वाकून पाहावे, उपटू नये.

मखमलीचेही नातेवाईक इथे आहेत, हे मला फार उशिरा कळले. त्याच कुळातली काही नाजूक रोपे पावसाळ्यात सह्याद्रीच्या ओल्या कातळांवर, सावलीत फुलतात आणि पाऊस संपला की दिसेनाशी होतात. दादींना हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग हिला परकी का म्हणता?"

दादी २०१४ मध्ये गेल्या. त्याआधी त्यांनी एक काम नेमाने केले. जुन्या मोहल्ल्यातले कोणी भेटायला आले, की त्या एक पान देठासकट कापत, ओल्या कापडात गुंडाळत आणि हातावर ठेवत. पहिले पान त्यांनी सुतारचाचांना दिले होते. पुरात ज्यांच्या माडीवर आम्ही रात्र काढली, त्या शेजाऱ्यांकडे आजही आमच्यापेक्षा मोठे झाड आहे. त्यांच्या खिडकीला उत्तरेचा उजेड आहे, त्यांना पेटी लागत नाही.

पेटीतला दिवा आता बदलला आहे. नळी आणि चोक जाऊन २० वॅटचा एलईडी आला. अब्बांच्या हिशेबाने पाहिले तर महिन्याला सात युनिटच्या आसपास. तो कमी तापतो, तरी पंखा मी काढलेला नाही. फळ्या त्याच आहेत. पावसाळ्यात त्यांना हात लावला तर गारवा लागतो, पण बुरशी धरत नाही. ओढणीला दोन ठिकाणी रफू केले आहे.

तुम्हाला पान हवे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान या. पावसाळ्यात कापलेले पान लवकर कुजते. येताना औषधाची एक रिकामी बाटली आणा, लहान तोंडाची. आणि मुलांनो, गरम पाण्याने चांगली धुऊन आणा.